'सुवार्ते'तला 'सु'



स्नेहलतागंजात आपण घरात मराठी बोलतो आणि उंबरा ओलांडला की हिंदी. हिंदीभाषक भाविक 'सुसमाचार' म्हणतात, आपण 'सुवार्ता'. पण आपल्याच मुलांना 'वार्ता' म्हणजे बोलणी वाटते, कारण हिंदी बातम्यांत दोन देशांची 'वार्ता' होत असते. 'शुभवर्तमान' तर त्यांना वर्तमानकाळासारखे ऐकू येते! जुन्या मराठीत वर्तमान म्हणजे खबर. 'वर्तमानपत्र' त्यातूनच आले, हे त्यांना सांगावे लागते.

नव्या कराराच्या मूळ ग्रीकमध्ये शब्द आहे 'एउअंगेलिऑन'. 'अंगेलोस' म्हणजे निरोप आणणारा दूत आणि 'एउ' म्हणजे चांगले. भाषाशास्त्रज्ञ सांगतात की हा 'एउ' आणि संस्कृतातला 'सु' एकाच प्राचीन मुळातून आले. म्हणजे सुवार्तेतला 'सु' हा नुसता अनुवाद नाही, ग्रीक उपसर्गाचा सख्खा भाऊच आहे. आपले धर्मशब्द परके आहेत असे कुणी म्हणाले की आम्हाला हे आठवते. वसईच्या 'सुवार्ता' मासिकाचे अनेक वर्षे संपादक असलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी आपल्या अनुवादाला नाव दिले 'सुबोध बायबल'. तिथेही 'सु' आहेच.

हाच 'एउ' बायबलमधल्या नावांतही आहे. तीमथ्याची आई युनीके, म्हणजे 'सुविजया'. आणि पौलाचे प्रवचन लांबले तेव्हा डुलकी लागून तिसऱ्या मजल्यावरून पडलेला युतुख, म्हणजे 'सुदैवी'! तो वाचला, म्हणून नाव शोभले. (लांब प्रवचने देणाऱ्यांनी प्रेषितांची कृत्ये, अध्याय 20 अधूनमधून वाचावा.)

पण 'एउअंगेलिऑन' हा शब्द ख्रिस्ती लोकांनी घडवलेला नाही. होमरच्या काव्यात तो चांगली खबर आणणाऱ्याच्या बक्षिसीसाठी येतो. पुढे तो राजदरबारी गेला. आजच्या तुर्कस्तानातील प्रीएने या नगरात इ.स.पू. 9 मधला शिलालेख सापडला आहे. त्यात सम्राट ऑगस्टसचा जन्मदिवस हा जगासाठी शुभवार्तांचा आरंभ ठरवला आहे, आणि त्या दिवसापासून वर्ष मोजावे असा ठराव आहे. शुभवार्ता म्हणजे कैसराची, असा तो काळ.

मार्काने आपल्या पुस्तकाच्या पहिल्याच ओळीत 'आरंभ' आणि 'एउअंगेलिऑन' हे दोन्ही शब्द घेतले, आणि त्यांच्यापुढे नाव लिहिले ते रोमी सुभेदाराने वधस्तंभावर दिलेल्या नासरेथच्या एका सुताराचे.