नागराणीची करंगळी : रामटेक-पारशिवनीच्या पानवेलीची कथा 🧵

१/ पाताळातल्या नागराणीने आपल्या करंगळीचे पेर कापून दिले. ते मातीत पेरले आणि पृथ्वीवरची पहिली पानवेल उगवली. नागपूर जिल्ह्यात रामटेक-पारशिवनीच्या भागात पानमळे राखणाऱ्या बारई समाजाची ही उत्पत्तिकथा. तिच्यात शेतीतले एक नेमके सत्य दडलेले आहे.

२/ आर. व्ही. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जाती-जमातींवरच्या आपल्या चार खंडांच्या ग्रंथात (१९१६) ही कथा नोंदवली. पांडवांना यज्ञासाठी पान हवे होते. पृथ्वीवर ते मिळेना, म्हणून दूत पाताळात गेला. वेलीला ‘नागवेल’ हे नाव पडले ते यामुळे, असे कथा सांगते.

३/ कथेतला ‘पेर’ हा शब्द महत्त्वाचा. मळ्यातली पानवेल बियांपासून वाढवत नाहीत. जुन्या वेलीचे पेरांसह तुकडे करून ते ओल्या वाफ्यात लावतात. पेरातून मुळे व कोंब फुटतात आणि वेल शेवरी, पांगारा, शेवगा अशा झाडांच्या आधाराने वर चढते. तिला सावली, ओलावा आणि वाऱ्यापासून आडोसा, तिन्ही लागतात.

४/ खुडणीही तितकीच नाजूक. खालची तयार पाने देठासह एकेक करून हाताने खुडायची आणि शेंडा वाढता ठेवायचा. मग आकार पाहून निवड, गड्ड्या बांधणे, ओलाव्यात भरणी. रामटेकच्या कपुरी पानाची ख्याती या कष्टांवर उभी राहिली. नागपंचमीला मात्र मळ्यातल्या नागाच्या दगडाची पूजा होई आणि त्या दिवशी एकाही पानाला हात लागत नसे.

५/ तुकड्यांवरच्या या लागवडीत एक धोका होता. तुकड्यातून वाढलेली वेल म्हणजे मूळ वेलीची हुबेहूब प्रत. एकीचे दुबळेपण ते साऱ्यांचे दुबळेपण. शिवाय रोगट वेलीचा तुकडा लावला, तर रोगही नव्या वाफ्यात जातो.

६/ पावसाळ्यात वेलीचा बुंधा कुजतो, पाने मलूल होतात आणि पाहता पाहता वाफाच बसतो. यामागे ‘फायटोफ्थोरा’ हा बुरशीसदृश सूक्ष्मजीव असतो. त्याच्याच एका भाईबंदाने १८४५ पासून आयर्लंडचे बटाटे कुजवले आणि लाखो माणसे भुकेने व रोगराईने मेली.

७/ जहांगीर फर्दूनजी दस्तूर या पारशी शास्त्रज्ञाने १९१३ मध्ये एरंडावरील अभ्यासातून फायटोफ्थोराच्या एका नव्या जातीचे वर्णन केले. पुढे नागपुरात मध्य प्रांत सरकारचे कवकशास्त्रज्ञ असताना त्यांनी पानवेलीकडे लक्ष वळवले. या प्रांतातील पानवेलीच्या रोगांवरचा त्यांचा विस्तृत निबंध १९३५ मध्ये प्रसिद्ध झाला.

८/ उपाय आला तो फ्रान्समधल्या द्राक्षमळ्यांतून. बोर्दो भागातले शेतकरी वाटसरूंनी द्राक्षे चोरू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद-चुन्याचे निळसर मिश्रण शिंपडत. त्या वेली रोगापासून वाचतात, हे मिलार्दे यांच्या ध्यानी आले आणि १८८५ मध्ये त्यांनी ते जगापुढे मांडले. हेच ‘बोर्डो मिश्रण’ पुढे पानमळ्यांतही पोहोचले.

९/ बंगालच्या बारुईंविषयी रिस्ले यांनी १८९१ मध्ये लिहिले आहे, की स्नान करून, स्वच्छ वस्त्र नेसूनच ते मळ्यात शिरत. चिखलातून पसरणारा हा रोग पाहता ‘पूर्वजांना सारे ठाऊक होते’ असे म्हणण्याचा मोह होतो. पण त्याच सोवळ्याने रजस्वला स्त्रीलाही मळ्याच्या दाराबाहेर ठेवले होते, आणि तिच्यामुळे कोणतीही वेल कुजत नाही. सोवळे सोवळ्यासाठी होते. त्यातून कधी वेलीचा बचाव झाला असेल, तर तो योगायोग.

१०/ म्हणून परंपरेचे श्रेय नेमके द्यावे. पेरातून वेल उगवते, हे बारईंनी हातांनी जाणले आणि कथेत जपले. वेल का मरते, हे कथेला सांगता आले नाही. त्यासाठी सूक्ष्मदर्शक लागला. विड्याचे पान तबकात येते, त्यामागे या दोन्ही ज्ञानांचा हात आहे. त्यांतल्या एकाचे नाव निबंधावर छापलेले आहे. दुसऱ्याची नावे कुणी लिहून ठेवली नाहीत.