निखळणारे आणि तडकणारे दात : व्हेनिअरच्या दुरुस्तीचा इतिहास

व्हेनिअर म्हणजे दाताच्या दर्शनी बाजूवर चिकटवलेला, साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटर जाडीचा पापुद्रा. तो बहुधा पोर्सेलिनचा असतो. डाग पडलेला, टवका उडालेला किंवा फटीचा दात त्याच्याआड झाकला जातो. त्याच्या इतिहासात रंगरूपाची चर्चा फार होते. प्रत्यक्षात त्या पापुद्र्याचे आयुष्य ठरवले ते मागच्या चिकटद्रव्याने. आणि तो बिघडला तर काय करायचे, हेही त्यानेच ठरवले.

पोर्सेलिन दंतवैद्यकात फार आधी आले होते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समध्ये त्याच्या कवळ्या बनू लागल्या. पुढे डेट्रॉइटचे चार्ल्स लँड यांनी एकेका दातावर चढवायची पोर्सेलिनची टोपी रूढ केली. मात्र टोपी बसावी म्हणून दात चहूबाजूंनी कोरावा लागे. दात जवळजवळ तसाच ठेवून फक्त पुढची बाजू झाकण्याची कल्पना हॉलिवूडची. १९२८ च्या सुमारास चार्ल्स पिंकस हे दंतवैद्य नटनट्यांसाठी असे पातळ पापुद्रे बनवू लागले. कॅमेरा चेहऱ्याच्या अगदी जवळ येऊ लागला होता. बालतारका शर्ली टेंपल हिचे दुधाचे दात पडू लागले, तेव्हा पडद्यावरची खिंडारेही पिंकस यांनी अशीच झाकली. हे पापुद्रे कवळी बसवण्याच्या पावडरीने तात्पुरते चिकटवत आणि जेवणाआधी काढून ठेवत. त्या काळी बिघाड म्हणजे पापुद्रा सुटणे, आणि दुरुस्ती म्हणजे पुन्हा पावडर लावणे. दाताला इजा नाही की कायमची बांधिलकी नाही. हा सुटसुटीतपणा व्हेनिअरला पुढे कधीच लाभला नाही.

खरा बदल झाला तो न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात. तिथल्या ईस्टमन दंत-दवाखान्यातले मायकेल ब्युनोकोर यांनी १९५५ मध्ये एक छोटा निबंध छापला. धातूच्या पत्र्यावर रंग पक्का बसावा म्हणून कारखान्यांत फॉस्फरिक आम्ल वापरत. ब्युनोकोर यांनी तेच आम्ल, ८५ टक्के तीव्रतेचे, अर्धा मिनिट दाताच्या एनॅमलवर, म्हणजे बाहेरच्या कठीण थरावर, लावले. त्यावर बसवलेले अॅक्रिलिकचे थेंब साध्या एनॅमलवरच्या थेंबांपेक्षा कितीतरी जास्त काळ टिकले. जुन्या भिंतीवर गिलावा धरावा म्हणून गवंडी टाचे मारतो, तसेच हे काम. फक्त इथले टाचे सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतात. त्या खाचांत शिरून घट्ट होणारे योग्य रेझिन राफेल बोवेन यांनी तयार केले. त्याचे पेटंट १९६२ चे. आत काचेसारखी भुकटी घातलेले तेच आजचे कॉम्पोझिट.

१९७० च्या दशकात या दोन शोधांच्या बळावर अॅक्रिलिकचे तयार पापुद्रे दातांवर बसू लागले. टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकामुळे करडे पडलेले दात झाकण्यासाठी त्यांना मागणी होती. ते दाताला चांगले धरत; सुटत ते दुसऱ्या अंगाने. रेझिन एनॅमलला चिकटलेले राही आणि अॅक्रिलिकचा पापुद्रा त्यावरून उकले. शिवाय कडा पिवळ्या पडत. म्हणजे सांधा एक नसून दोन आहेत, आणि दुसरा कच्चा आहे, हे बिघाडांनीच दाखवून दिले.

तो दुसरा सांधा पक्का झाला पोर्सेलिनमुळे. फ्रान्समधले अलँ रॉशेत यांनी १९७५ मध्ये तुटलेल्या पुढच्या दातासाठी सिलेन लावलेला पोर्सेलिनचा तुकडा रेझिनने जोडला. सिलेनचा रेणू एका टोकाने काचेला आणि दुसऱ्या टोकाने रेझिनला धरतो. १९८३ मध्ये सिमन्सन आणि कॅलामिया यांनी पोर्सेलिनच्या आतल्या बाजूलाच हायड्रोफ्लोरिक आम्लाने खडबडीत केले आणि बंध किती मजबूत होतो ते मोजले. आजचा पोर्सेलिन व्हेनिअर तिथून सुरू होतो.

पण चिकटणे पक्के झाले आणि बिघाडाचे रूप पालटले. आता व्हेनिअर सहजी सुटेना. तडकू लागला, टोकाला टवका उडू लागला. रात्री दात खाण्याची सवय हे त्याचे नेहमीचे कारण. दुसरे कारण दंतवैद्याच्या हातातले. एनॅमल पार कोरून त्याखालचा थर, म्हणजे डेंटिन, उघडे पडले असेल, तर तिथला बंध कमकुवत होतो आणि खालचे डेंटिन लवते. पोर्सेलिन मात्र लवत नाही, ते तडकते.

म्हणून निखळलेला व्हेनिअर हातात आला की आधी त्याची आतली बाजू पाहतात. ती लख्ख असेल आणि सगळे रेझिन दातावर राहिले असेल, तर पोर्सेलिनवरचे आम्ल किंवा सिलेन चुकले. रेझिन व्हेनिअरला चिकटून आले असेल, तर दाताच्या बाजूची तयारी चुकली. व्हेनिअर अखंड असेल तर जुने रेझिन काढून, आम्ल आणि सिलेन नव्याने लावून तोच पुन्हा बसवता येतो. घरच्या घरी झटपट गोंदाने चिकटवलेला तुकडा मात्र वाकडा बसतो, आणि तो गोंद खरवडताना व्हेनिअर फुटण्याचा धोका असतो. योगायोग असा की तो गोंद, सायनोअॅक्रिलेट, कोडॅकच्या रसायनशास्त्रज्ञांकडून १९५८ मध्ये बाजारात आला. आणि ब्युनोकोर यांचा दवाखाना उभा राहिला होता तो कोडॅकच्याच जॉर्ज ईस्टमन यांच्या देणगीतून.

छोटा टवका तोंडातच भरून काढण्याची पद्धतही पुढे आकाराला आली. दातांभोवती रबरी पडदा लावायचा, उघडे पोर्सेलिन हायड्रोफ्लोरिक आम्लाने खडबडीत करायचे, धुऊन वाळवून सिलेन लावायचे आणि वर कॉम्पोझिटचे थर द्यायचे. यातले आम्ल हे जोखमीचे काम. ते काच विरघळवते आणि कातडीतून आत शिरून शरीरातल्या कॅल्शियमला बांधून ठेवते. पडदा नीट नसेल तर हिरडी भाजते. त्यामुळे अनेक दंतवैद्य त्याऐवजी अॅल्युमिनियम ऑक्साइडची बारीक भुकटी हवेच्या झोताने मारून पृष्ठभाग खडबडीत करतात. कॉम्पोझिटचा हा जोड पुढे रंग धरतो आणि त्याची चमक जाते. मोठी तड गेली असेल तर नवा व्हेनिअर करणेच बरे.

मग जुना काढायचा कसा, हा प्रश्न येतो. हिऱ्याच्या टोकाने तो घासून काढताना पोर्सेलिन, त्याच रंगाचे रेझिन आणि एनॅमल यांच्या सीमा डोळ्यांना दिसत नाहीत, आणि प्रत्येक वेळी थोडे एनॅमल जातेच. अलीकडे यासाठी एर्बियम लेझर वापरतात. त्याचा २९४० नॅनोमीटरचा किरण पातळ पोर्सेलिनमधून पार जातो, खालच्या रेझिनमध्ये शोषला जातो आणि बंध सैल करतो. सगळे जुळून आले तर व्हेनिअर अखंड निघतो. नवा बनून येईपर्यंत मधले काही दिवस दातावर तात्पुरता पापुद्रा बसवतात.