कुत्र्याचा दाखला

आमच्या पिढीत परदेशी जाणाऱ्याची तयारी म्हणजे पासपोर्ट, व्हिसा, लोणच्याची बरणी आणि आईच्या डोळ्यांतलं पाणी. घरातला कुत्रा शेजाऱ्यांकडे नाहीतर गावाकडे सोपवला जायचा, आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे. आताची मुलं कुत्र्या-मांजरांना बरोबर नेतात. पुण्या-मुंबईहून लंडनला निघालेल्या घरात माणसांच्या फाईलपेक्षा कुत्र्याची फाईल जाड असते म्हणतात. ती इतकी जाड का, हे समजून घ्यायचं तर सव्वाशे वर्षं मागे जावं लागतं.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये पिसाळलेल्या कुत्र्यांची मोठी दहशत होती. ६ जुलै १८८५ ला पॅरिसमध्ये लुई पाश्चरने जोसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला रेबीजची लस टोचली आणि तो मुलगा वाचला, हे आपण शाळेत शिकवतोच. पण ती लस चावलेल्या माणसासाठी होती. चावणाऱ्या कुत्र्याचं काय करायचं, हा प्रश्न शिल्लक होता. इंग्लंडच्या शेती खात्याचे मंत्री वॉल्टर लाँग यांनी त्याला सरळसोट उत्तर दिलं. कुत्र्यांना मुसकी बांधा! आपल्याकडे मळणीच्या बैलाला बांधतात तशी. लोक खवळले, सभा झाल्या, लाँगसाहेबांच्या नावाने शिव्याशाप झाले. त्यातून शिकारीवर निघालेल्या कुत्र्यांना सूट होती, म्हणजे उमरावांचे कुत्रे मोकळे आणि गरिबाचा कुत्रा जेरबंद. हा भेदभाव लोकांनी बोलून दाखवला आणि तो खराही होता. पण उपाय लागू पडला. घरातला रोग आटोक्यात येतोय म्हटल्यावर तो बाहेरून येऊ नये म्हणून १८९७ मध्ये परदेशातून येणाऱ्या कुत्र्यांवर बंधनं आली. १९०१ पासून सहा महिने क्वारंटाईन सक्तीचं झालं आणि १९०२ मध्ये ब्रिटनमधून रेबीज गेला. १९२८ च्या हुकमात मांजरांचंही नाव आलं.

१८९७ म्हटलं की आपल्याला काय आठवतं? पुण्याचा प्लेग, घरोघरच्या झडत्या, रँडसाहेब आणि चापेकर बंधू. तिकडे लंडनमध्ये कुत्र्यांच्या मुसक्यांवरून जनता सरकारवर रागावलेली, आणि त्याच वर्षी तेच सरकार इथे माणसांना घराबाहेर काढून छावणीत नेत होतं. दोन्हींची तुलना करणं बरोबर नाही, पण इतिहास शिकवताना ही दोन पानं शेजारी शेजारी ठेवावीत असं मला नेहमी वाटतं.

असो. सहा महिनेच का? रेबीजचा विषाणू चाव्यातून शिरतो आणि मज्जातंतूंच्या वाटेने हळूहळू मेंदूकडे सरकतो. या प्रवासात कुत्रा खातो, खेळतो, शेपूट हलवतो, बाहेरून काही कळत नाही. बहुतेक कुत्र्यांत लक्षणं काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत दिसतात. म्हणून सहा महिने डांबून ठेवायचं आणि वाट बघायची. धट्टाकट्टा बाहेर आला तर घरी न्या. त्या काळात याहून शहाणा उपाय नव्हता, हे मान्यच केलं पाहिजे. पहिल्या महायुद्धानंतर त्याची प्रचीती आली. परतणाऱ्या सैनिकांनी लपवून आणलेल्या कुत्र्यांमुळे १९१८ मध्ये प्लिमथच्या बाजूला रेबीज पुन्हा उपटला असं मानतात. तो हटवायला १९२२ उजाडलं.

पण नियम बरोबर असला तरी तो ज्याच्यावर बेततो त्याला तो बरोबर वाटत नाही. हिंदुस्थानात नोकरी करून बलार्ड पियरवरून बोटीत चढणाऱ्या गोऱ्या अधिकाऱ्यांपुढे हाच पेच होता. खर्च परवडला तर कुत्रा सहा महिन्यांच्या पिंजऱ्यात, नाहीतर इथेच मागे. १९४७ ला परत जाताना काहींनी आपली कुत्री ओळखीच्यांना दिली, काहींनी स्वतःच्या हाताने संपवली. आठ-दहा वर्षांचा म्हातारा कुत्रा आणि सहा महिन्यांचा एकांतवास. मालकाला भेटायची मुभा असे, पण कुत्र्याला तारीख कुठे कळते?

पैसेवाल्यांनी पळवाट काढलीच. १९६८ मध्ये एलिझाबेथ टेलर आणि रिचर्ड बर्टन हे सिनेमातलं जोडपं लंडनला आलं. त्यांनी कुत्र्यांसाठी एक यॉट भाड्याने घेऊन थेम्स नदीत नांगरून ठेवली. कुत्र्यांचे पाय इंग्लंडच्या जमिनीला लागले नाहीत, त्यामुळे कायदाही मोडला नाही.

दुसऱ्याच वर्षी, १९६९ मध्ये, या नियमालाच हादरा बसला. जर्मनीहून सैनिकी कुटुंबाबरोबर आलेला फ्रिट्झ नावाचा एक टेरियर सहा महिने पुरे करून, चांगला ठणठणीत म्हणून सुटला. सुटकेनंतर थोड्याच दिवसांत कँबर्ली गावात तो पिसाळला आणि माणसांना चावला. मग आसपासच्या रानात बंदुका घेऊन माणसं शिरली आणि कोल्ह्यांपासून सगळं टिपत सुटली. १९७० मध्ये न्यूमार्केटला पाकिस्तानातून आलेल्या कुत्र्याच्या बाबतीत तसंच घडलं. सहा महिने ही काही निसर्गाने आखलेली रेषा नव्हती. तरीही नियम राहिला, उलट अधिक कडक झाला.

मला खरं कुतूहल पुढच्या तीस वर्षांचं वाटतं. कुत्र्यांसाठी चांगली लस तोवर आली होती. मग डांबून कशासाठी ठेवायचं? माझ्या समजुतीप्रमाणे याचं उत्तर औषधात नाही, दाखल्यात आहे. आम्ही मास्तर लोकांनी जन्मभर शाळा सोडल्याचे दाखले लिहिले. त्या कागदावरचं नाव आणि समोर उभं असलेलं पोर एकच, हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं म्हणून तो कागद चालतो. बंदरावरच्या अधिकाऱ्यापुढे कागद येई, 'तपकिरी कुत्रा, वय चार, लस टोचली.' तपकिरी कुत्री हजार असतात. शिवाय टोचलेली लस लागू पडली की नाही, हे कागद सांगत नाही. ज्या कागदावर विश्वास ठेवता येत नाही, त्याच्या जागी सहा महिन्यांचा पिंजरा होता.

ही अडचण दोन गोष्टींनी सोडवली. तांदळाच्या दाण्याएवढी चिप कातडीखाली घातली की कुत्रा कोणता हे ठरतं. आणि रक्ततपासणीत प्रतिपिंडांचं प्रमाण दर मिलिलिटरला अर्धं एकक किंवा त्याहून जास्त निघालं, की लस लागली हे ठरतं. स्वीडन आणि नॉर्वेने १९९४ मध्येच या भरवशावर क्वारंटाईन सोडलं. ब्रिटन मात्र अडून बसलं होतं. हाँगकाँगचे शेवटचे गव्हर्नर ख्रिस पॅटन १९९७ मध्ये निघाले, तेव्हा त्यांच्या व्हिस्की आणि सोडा या कुत्र्यांचाही हाच प्रश्न होता. वसाहतीचा झेंडा उतरवणं एकवेळ सोपं, पण स्वतःची कुत्री घरी नेणं अवघड! शेवटी १९९८ मध्ये प्राध्यापक इयन केनेडी यांच्या समितीने बदल सुचवला आणि २८ फेब्रुवारी २००० पासून पश्चिम युरोपातून कुत्री-मांजरं कागदांवर येऊ लागली.

भारत त्या यादीत नव्हता. म्हणजे २००० नंतर आपली संगणकवाली मुलं लंडनला जाऊ लागली, तेव्हा पॅरिसचा कुत्रा मालकाबरोबर गाडीत बसून जाई आणि पुण्याचा कुत्रा सहा महिने आत. हे १ जानेवारी २०१२ ला बदललं. तेव्हापासून भारतातून जाणाऱ्या कुत्र्याला आधी चिप, मग लस, तीस दिवसांनी रक्ततपासणी आणि रक्त घेतल्यापासून तीन महिने थांबणं. एकूण चारेक महिने होतात, पण ते आपल्याच घरात, आपल्याच सतरंजीवर. प्रवास मात्र विमानाच्या मालडब्यातून.

तीन महिन्यांचं हे थांबणं कशासाठी, असं मुलं वैतागून विचारतात. अहो, रक्ततपासणी लस लागल्याचं सांगते. पण लस टोचण्याआधीच त्याला एखादा पिसाळलेला कुत्रा चावला असेल तर ते सांगत नाही. ती शंका फक्त काळ फेडतो. सहा महिन्यांच्या जुन्या पिंजऱ्याचा एवढाच तुकडा आता उरला आहे, आणि भारताच्या बाबतीत तो अजून तरी योग्यच आहे असं मला वाटतं. पोटात घ्यायची चौदा इंजेक्शनं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे पटेल. ती लस सेंपल यांनी १९११ मध्ये कसौलीला तयार केली, मेंढीच्या मज्जातंतूंपासून, आणि आपल्याकडे ती २००४-०५ च्या सुमारापर्यंत दिली जात होती.

नियम वाकतातही. २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध पेटलं तेव्हा आपले काही विद्यार्थी कुत्र्या-मांजरांना सोडून यायला तयार नव्हते, आणि भारत सरकारने त्यांच्यासाठी अटी तेवढ्यापुरत्या सैल केल्या. ब्रिटनने निर्वासितांच्या प्राण्यांना घेतलं, पण क्वारंटाईन काही सोडलं नाही. फक्त त्याचा खर्च सरकारने उचलला. सव्वाशे वर्षांची सवय!

इकडे गोव्यात २०१३ पासून रस्त्यावरच्या कुत्र्यांना जाळ्यात पकडून, लस टोचून, रंगाची खूण करून सोडण्याचं काम मोठ्या प्रमाणावर झालं आणि २०२१ मध्ये गोवा 'रेबीज नियंत्रित क्षेत्र' जाहीर झाला. पण ब्रिटनची यादी देशांची असते, राज्यांची नसते. पणजीचा लस टोचलेला, चिप असलेला कुत्राही तिथल्या अधिकाऱ्यापुढे भारतातलाच कुत्रा म्हणून उभा राहतो, आणि त्याचे ते तीन महिने त्याला मोजावेच लागतात.