इमारत सरकारची, पगार कोणाचा?

अमेरिकेतल्या सामुदायिक मानसिक आरोग्य केंद्रांचा माग काढताना आपल्याला थेट १८४१ सालापर्यंत, बोस्टनजवळच्या ईस्ट केंब्रिजच्या तुरुंगापर्यंत जावे लागते. डोरोथिया डिक्स ही शिक्षिका तिथल्या स्त्रियांना रविवारचे धर्मपाठ द्यायला गेली, तर कैद्यांच्या शेजारीच वेडसर ठरवलेल्या बायका कोंडलेल्या आणि ऐन थंडीत कोठडीत शेगडी नाही. विचारल्यावर कळले की वेड्यांना म्हणे थंडी वाजत नाही! त्यानंतर राज्याराज्यांत फिरून या बाईंनी मनोरुग्णांसाठी एक कोटी एकर सरकारी जमिनीचे विधेयक काँग्रेसकडून संमत करवून घेतले. १८५४ मध्ये राष्ट्राध्यक्ष पिअर्स यांनी त्यावर नकाराधिकार वापरला. असला दानधर्म हे संघ सरकारचे काम नव्हे, हे त्यांचे म्हणणे. खर्च राज्यांच्या माथी राहिला आणि १९५५ पर्यंत त्यांच्या अवाढव्य इस्पितळांत साडेपाच लाखांवर माणसे साठली.

ही कोंडी फोडली राष्ट्राध्यक्ष केनेडींनी. त्यांची बहीण रोझमेरी १९४१ च्या मेंदूशस्त्रक्रियेनंतर कायमची परावलंबी झाली होती. ३१ ऑक्टोबर १९६३ रोजी त्यांनी सामुदायिक मानसिक आरोग्य केंद्रांच्या कायद्यावर सही केली आणि तीन आठवड्यांनी त्यांची हत्या झाली. पाऊण ते दोन लाख वस्तीमागे एक केंद्र, तिथे दाखल होण्याची आणि तातडीच्या उपचारांचीही सोय, अशी ती योजना. मात्र मंजूर झालेले १५ कोटी डॉलर होते केवळ बांधकामासाठी. पगारासाठीचे अनुदान १९६५ मध्ये आले, तेही पाऊण हिश्शापासून सुरू होऊन ५१ महिन्यांत आटणारे. तोवर केंद्र स्वतःच्या पायावर उभे राहील, हा हिशेब माझ्या मते मुळातच भाबडा होता. ज्यांच्यासाठी केंद्र काढले त्यांच्या खिशात पैसे होते कुठे? १९८० पर्यंत इस्पितळांतली संख्या दीड लाखाच्याही खाली आली, पण ठरलेल्या दीड हजार केंद्रांपैकी जेमतेम निम्मी उभी राहिली.

राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी १९८० मध्ये नवा कायदा करून डाव सावरू पाहिला. पुढच्याच वर्षी रेगन यांनी तो बव्हंशी मोडीत काढला आणि कमी केलेली रक्कम एकगठ्ठा राज्यांच्या हवाली केली. पिअर्स यांना ते नक्की पटले असते. २०१४ च्या कायद्याने मात्र वेगळी वाट धरली. त्यातून २०१७ मध्ये आठ राज्यांत सुरू झालेल्या प्रयोगात पात्र केंद्राला गरिबांच्या सरकारी विमा योजनेतून प्रत्यक्ष खर्चावर बेतलेला दर मिळतो, आणि ऐपत नाही म्हणून कोणालाही परत पाठवता येत नाही.