फ्रान्स-अल्जीरिया फुटबॉल स्पर्धा

फ्रान्स-अल्जीरिया फुटबॉल स्पर्धा : यूरोपातील फ्रान्स व उत्तर आफ्रिकेतील अल्जीरिया यांच्या राष्ट्रीय फुटबॉल संघांमधील स्पर्धात्मक संबंध. या दोन देशांच्या वरिष्ठ संघांत पहिला अधिकृत सामना २००१ मध्ये झाला व तोही अपुरा राहिला. तथापि एवढ्या अल्प सामन्यांच्या बळावर इतका दीर्घ इतिहास उभा राहिल्याचे उदाहरण फुटबॉलच्या क्षेत्रात विरळाच. या स्पर्धेची मुळे मैदानापेक्षा वसाहतीच्या इतिहासात अधिक खोल गेलेली आहेत.

अल्जीरियात फुटबॉल हा खेळ यूरोपीय वसाहतकारांनी रुजविला. स्थानिक मुस्लिमांनी पुढे आपले स्वतंत्र क्लब काढले. त्यांपैकी १९२१ मध्ये अल्जीअर्स येथे स्थापन झालेला मुलूदिया हा क्लब विशेष प्रसिद्ध आहे. गुणी खेळाडूंना फ्रान्समधील व्यावसायिक क्लब आपल्याकडे ओढून घेत. १९३६ मध्ये अली बेनूना हा अल्जीरियन खेळाडू फ्रान्सच्या राष्ट्रीय संघातून खेळला. सप्टेंबर १९५४ मध्ये ऑर्लेआंव्हील येथे मोठा भूकंप झाला. आपद्‌ग्रस्तांच्या मदतीसाठी ऑक्टोबरमध्ये पॅरिस येथे सामना भरविण्यात आला, त्यात उत्तर आफ्रिकेच्या निवडक संघाने फ्रान्सचा ३-२ असा पराभव केला. त्यानंतर चारच आठवड्यांनी, १ नोव्हेंबर १९५४ रोजी, अल्जीरियाच्या स्वातंत्र्ययुद्धास तोंड लागले.

युद्धकाळात राष्ट्रीय मुक्ती आघाडीने फुटबॉलचाही उपयोग करून घेतला. मोहंमद बूमेझराग याने फ्रान्समधील अल्जीरियन खेळाडूंशी गुप्तपणे संधान बांधले आणि एप्रिल १९५८ मध्ये सुमारे दहा व्यावसायिक खेळाडू आपापले क्लब सोडून, स्वित्झर्लंड व इटलीमार्गे, ट्यूनिसला जाऊन पोहोचले. त्यांत मोनॅकोचा बचावपटू मुस्तफा झितूनी व सेंत-एत्येनचा आघाडीचा खेळाडू रशीद मखलूफी हे दोघे होते. स्वीडनमधील आगामी विश्वचषकासाठी फ्रान्सच्या संभाव्य खेळाडूंत त्यांची निवड झालेली होती. मखलूफी त्या वेळी फ्रेंच सैन्यात सक्तीची सेवा बजावीत होता. त्यामुळे त्याचे पलायन हा सैन्यत्यागाचा गुन्हा ठरत होता. सर्वांनाच निसटता आले नाही, काहींना वाटेत अटक झाली. मखलूफीचे बालपण सेतीफ या गावी गेले. मे १९४५ मध्ये फ्रेंच सैन्याने व वसाहतकारांनी तेथे केलेले हत्याकांड लक्षात घेतले, म्हणजे विश्वचषकावर पाणी सोडण्याचा त्याचा निर्णय केवळ क्षणिक आवेशाचा नव्हता, असे म्हणावे लागते.

आंतरराष्ट्रीय फुटबॉल महासंघाने (फिफा) या संघास मान्यता नाकारली व त्याच्याशी खेळणाऱ्या संघटनांना कारवाईचा इशारा दिला. तरीही हा संघ उत्तर आफ्रिका, मध्यपूर्व, पूर्व यूरोप, चीन व उत्तर व्हिएटनाम येथे सामने खेळला. १९६१ मध्ये बेलग्रेड येथे त्याने यूगोस्लाव्ह संघावर ६-१ असा विजय मिळविला. जे राष्ट्र अद्याप अस्तित्वात यावयाचे होते, त्याचा ध्वज या खेळाडूंनी परक्या मैदानांवर फडकविला. त्यांच्या कामगिरीचे खरे मोल गोलसंख्येत नसून यातच आहे.

१९६२ मध्ये अल्जीरिया स्वतंत्र झाल्यावर हा संघ विसर्जित झाला. मखलूफी सेंत-एत्येनकडे परतला. प्रेक्षक त्याला कसे स्वीकारतील याविषयी शंका होती, परंतु त्याच्या खेळाने ती लवकरच मावळली. १९६८ च्या फ्रेंच चषकाच्या अंतिम सामन्यात बॉर्दोविरुद्ध आपल्या क्लबचे दोन्ही गोल त्यानेच केले व विजेत्यांना चषक राष्ट्राध्यक्ष द गॉल यांच्या हस्ते मिळाला. पुढे तो अल्जीरियाचा प्रशिक्षक झाला. त्याच्या मार्गदर्शनाखाली १९७५ च्या भूमध्य समुद्रीय क्रीडास्पर्धेत अल्जीअर्स येथे अल्जीरियाने अंतिम सामन्यात जादा वेळेत फ्रान्सला ३-२ असे हरविले. फ्रान्सचा तो संघ हौशी खेळाडूंचा होता, ही गोष्ट राष्ट्राध्यक्ष बूमेदियन यांच्या उपस्थितीत जल्लोष करणाऱ्या प्रेक्षकांच्या लेखी गौण होती.

वरिष्ठ संघांचा पहिला सामना ६ ऑक्टोबर २००१ रोजी पॅरिसनजीक सेंत-दनी येथे झाला. हा सामना मैत्रीपूर्ण व सलोख्याचे प्रतीक म्हणून योजिला होता. अल्जीरियन कुटुंबात जन्मलेला व १९९८ च्या विश्वचषकाचा नायक ठरलेला झिनेदिन झिदान फ्रान्सकडून खेळत होता. प्रेक्षकांतील अनेकांनी फ्रेंच राष्ट्रगीताच्या वेळी शिट्ट्या वाजविल्या. फ्रान्स ४-१ असा पुढे असता ७६ व्या मिनिटास शेकडो तरुण मैदानात घुसले व सामना थांबविण्यात आला. हे तरुण बहुतांशी फ्रान्समध्येच वाढलेले होते, त्यामुळे या घटनेवरून स्थलांतरितांच्या एकात्मीकरणासंबंधी फ्रान्समध्ये तीव्र वाद झडला. वस्तुतः नोकरी, निवास व प्रतिष्ठा यांविषयीचे प्रश्न एका सामन्याने सुटतील, ही अपेक्षाच अवास्तव होती. त्यानंतरची दोन दशके हे संघ वरिष्ठ पातळीवर समोरासमोर आले नाहीत.

मात्र खेळाडूंची ये-जा उलट दिशेनेही सुरू झाली. दुहेरी राष्ट्रीयत्व असलेल्या खेळाडूंना संघ बदलण्यासाठी असलेली वयोमर्यादा फिफाने २००९ मध्ये अल्जीरियाच्या प्रस्तावावरून काढून टाकली. २०१४ च्या विश्वचषकात उपउपांत्यपूर्व फेरी गाठणाऱ्या अल्जीरियाच्या २३ खेळाडूंपैकी १६ फ्रान्समध्ये जन्मलेले होते. २०१९ मध्ये कैरो येथे आफ्रिकी राष्ट्रचषक जिंकणाऱ्या संघाचा कर्णधार रियाद महरेझ हाही पॅरिसजवळच्या सार्सेल येथील. त्या संघाचा प्रशिक्षक जमाल बेलमादी याचाही जन्म फ्रान्समध्येच झाला. २००१ च्या अपुऱ्या सामन्यात अल्जीरियाचा एकमेव गोल त्यानेच केला होता.