मरुभूमींतील दोन यात्रेकरू

पंढरपूरच्या माणसाला वाळवंट म्हटलें कीं चंद्रभागेचें वाळवंट आठवतें. तेथें टाळ-मृदंग घुमतात, कीर्तनें होतात, आणि तहान लागली तर चार पावलांवर नदी असते. पंढरीचे नामदेव ह्याच वाळूंत नाचले. पण त्यांना दुसरेंही एक वाळवंट पाहावें लागलें. तें मारवाडचें, आणि तेथें सोबतीस होते आळंदीचे ज्ञानदेव.

ही तीर्थयात्रा परंपरेनें 'ज्ञानेश्वरी' पूर्ण झाल्यानंतरची, म्हणजे इ. स. १२९० ते १२९६ ह्या अवधींतली मानली जाते. नामदेवांचा जन्म १२७० चा व ज्ञानदेवांचा १२७५ चा धरला, तर दोघेही विशी-पंचविशींतले. एक संन्याशाचा पोर म्हणून वाळींत पडलेल्या ब्राह्मणाचा मुलगा, दुसरा शिंपी. एक योगी आणि ज्ञानी, दुसरा विठ्ठलाशीं लेंकराप्रमाणें भांडणारा भक्त. नामदेवांच्या नांवावरील 'तीर्थावळी'च्या अभंगांत दिसतें तें असें कीं, यात्रेची ओढ ज्ञानदेवांना होती. नामदेवांचा पाय पंढरींतून निघत नव्हता. विठ्ठल जेथें आहे तें सोडून तीर्थें कशाला धुंडाळावयाचीं, हा त्यांचा प्रश्न. अखेर देवानेंच त्यांना ज्ञानदेवांच्या हवालीं केलें. एखादी आई परगांवीं जाणाऱ्या मुलाला शेजाऱ्याच्या स्वाधीन करते, तसा हा प्रसंग आहे.

मारवाडांतील ज्या ठिकाणाशीं ही कथा जोडली जाते तें कोलायत बिकानेरच्या नैर्ऋत्येस सुमारें तीस मैलांवर आहे. त्या काळीं बिकानेर शहर मुळीं वसलेंच नव्हतें. तें राव बिकानें १४८८ सालीं वसविलें. पंढरपुराहून हें ठिकाण सरळ रेषेनें मोजलें तरी सुमारें ७०० मैल भरतें, आणि पायवाट कधीं सरळ नसते. सांगोला-मंगळवेढ्याकडील शेतकऱ्याला पाण्याची वणवण ठाऊक आहे. पण मारवाडांतील कित्येक विहिरी दोन-तीनशें फूट खोल. तेथें मोटेचा दोर उंटाकडून ओढवावा लागे. दोर व पोहरा जवळ नसलेल्या वाटसरूला खालीं पाणी आहे एवढेंच समजावयाचें. तें हातीं लागावयाचें नाहीं.

कथेंतील पेंच हाच आहे. तहानेनें दोघांचे प्राण कासावीस झाले. विहीर सांपडली, पण दोर नाहीं. ज्ञानदेव योगबळानें सूक्ष्म होऊन खालीं उतरले व पाणी पिऊन वर आले. मित्रासाठींही आणतों म्हणाले. नामदेवांनीं तें घेतलें नाहीं. त्यांनीं विठ्ठलाचा धांवा मांडला, आणि विहीर कांठोकांठ भरून वाहूं लागली. महीपतींनीं १७६२ सालीं रचलेल्या 'भक्तविजया'मुळें हा प्रसंग घरोघर पोहोंचला.

चमत्कार बाजूला ठेवला तर यात्रा तरी खरी काय? 'तीर्थावळी'ची भाषा अर्वाचीन वळणाची आहे, हा अभ्यासकांचा आक्षेप दुर्लक्षिण्यासारखा नाहीं. परंतु एक साक्ष महाराष्ट्राबाहेर मिळते. १६०४ सालीं सिद्ध झालेल्या शिखांच्या ग्रंथसाहिबांत नामदेवांचीं ६१ पदें आहेत. त्यांतील धनासरी रागांतील एका पदांत ईश्वराच्या आवडीला उपमा दिली आहे ती मारवाडांतल्या पाण्याची, आणि उंटाला वाटणाऱ्या वेलीच्या ओढीची. चंद्रभागेच्या कांठीं जन्म गेलेल्या माणसाला ही उपमा सहजासहजीं सुचावयाची नाहीं. ह्या एका उपमेवरून ज्ञानदेव बरोबर होते असें सिद्ध होत नाहीं, हें खरें. पण पद नामदेवांचें असेल, तर मारवाडची तहान त्यांना ऐकून तरी, बहुधा सोसून, ठाऊक होती.

यात्रेहून परतल्यावर पंढरींत मावंदें झालें. पुढें सोबत फार दिवस टिकावयाची नव्हती. १२९६ सालच्या आरंभीं अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला व रामदेवराव यादवाला खंडणी द्यावी लागली; त्याच वर्षीं कार्तिक वद्य त्रयोदशीस ज्ञानदेवांनीं आळंदीस समाधि घेतली. समाधीची जागा नामदेवांच्या मुलांनीं झाडून साफ केली, असें परंपरा सांगते. मित्राला निरोप देणाऱ्या त्या अभंगांतील नामदेव इतके व्याकुळ आहेत कीं, वाळवंटांत मित्राच्या हातचें पाणी नाकारणारा माणूस तो हाच काय, असें वाटावें.

त्यानंतर ज्यांचा पाय पंढरींतून निघत नव्हता, तेच नामदेव पुन्हां उत्तरेकडे गेले. पंजाबांत गुरुदासपूर जिल्ह्यांतील घुमान येथें त्यांचा दीर्घ काळ वास झाला, असें तेथील लोक मानतात, आणि २०१५ सालीं त्याच गांवीं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलें. पंढरीची परंपरा मात्र त्यांचा शेवट १३५० सालीं विठ्ठलाच्या महाद्वारींच सांगते. तेथील पायरीला आजही नामदेवांचें नांव आहे, आणि वारकरी तिच्यावर पाय न ठेवतां ती ओलांडून आंत जातात.