सोळा टक्के ते वीस टक्के : प्रकल्पाच्या बजेटची गोष्ट

संस्थांवरून आपल्याकडे भांडणं खूप होतात. पैसा कुठून आला, कुणी खाल्ला, इथवर येऊन ती थांबतात. पण तो पैसा मागताना जो तक्ता भरावा लागतो, त्या प्रकल्पाच्या बजेटबद्दल कुणी बोलत नाही. वीस वर्षं तालुक्याच्या बातम्या करून माझं मत असं झालंय की गावात कोणतं काम होणार आणि कोणतं राहणार, हे ग्रामसभेपेक्षा त्या तक्त्यातले रकाने जास्त ठरवतात. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

हे रकाने आले कुठून? १९६९ साली अमेरिकेच्या परदेशी मदत खात्याला, म्हणजे यूएसएडला, एक अडचण होती. जगभर पैसा जात होता, पण प्रकल्प जमला की फसला हे धड सांगता येत नव्हतं. इतक्या विहिरी झाल्या, इतके वर्ग भरले, असे आकडे यायचे. ते कशासाठी, याचं उत्तर नसायचं. मग लिऑन रोझेनबर्ग आणि त्यांच्या सल्लागार मंडळींनी एक चौकट काढून दिली, चार ओळी आणि चार रकान्यांची. वरती अंतिम उद्दिष्ट, त्याखाली प्रकल्पाचा हेतू, त्याखाली प्रत्यक्ष हाती येणाऱ्या गोष्टी, आणि तळाला त्यासाठी लागणारी माणसं, साहित्य, पैसा. बाजूला मोजायचं कसं, पुरावा कुठला आणि गृहीत काय धरलंय. हीच ती 'लॉगफ्रेम'. १९८३ मध्ये जर्मनीच्या जीटीझेडनं 'झॉप' नावाची आपली पद्धत तिच्यावरच उभी केली, १९९२ मध्ये युरोपियन कमिशननं ती स्वीकारली, आणि बघता बघता आपल्याकडच्या संस्थांच्या टेबलावरही ती आली.

बजेट या चौकटीच्या तळाच्या ओळीला बांधलेलं असतं. म्हणजे प्रत्येक रुपयाला वरच्या ओळीत कारण दाखवता आलं पाहिजे. मला ही कल्पना वाईट वाटत नाही. सरकारी योजनांना कुणी हीच चाळणी लावली तर बरंच पितळ उघडं पडेल. गंमत आहे ती 'गृहीत' या रकान्याची. दुष्काळी तालुक्यातला प्रकल्प, आणि तिथं लिहायचं, 'पाऊस सरासरीइतका होईल.' आता बोला!

देणगीदाराच्या अटीतून चांगलं काय निघू शकतं, याचं आपल्या जवळचं उदाहरण अहमदनगर जिल्ह्यातलं आहे (आता अहिल्यानगर). फादर हर्मन बाखर हे मूळचे स्वित्झर्लंडचे जेझुइट, १९४८ साली भारतात आले आणि इथलेच झाले. त्यांच्या प्रयत्नातून इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम उभा राहिला. १९९३ मध्ये क्रिस्पिनो लोबो यांच्यासोबत त्यांनी 'वॉटर' ही संस्था काढली. पैसा जर्मन सरकारचा, तो केएफडब्ल्यू या बँकेकडून नाबार्डकडे यायचा. मात्र गावाला सगळी रक्कम एकदम मिळायची नाही. आधी थोड्या क्षेत्रावर काम करून दाखवायचं, कुऱ्हाडबंदी-चराईबंदी पाळायची, ग्राम पाणलोट समिती नेमायची. मग उरलेल्या क्षेत्राचं बजेट.

ते बजेट कसं बनायचं हे बघण्यासारखं आहे. कार्यालयात बसून 'हेक्टरी इतके' असा गुणाकार नाही. गटनंबर घेऊन शिवारात जायचं, शेताच्या मालकाला आणि शक्यतो मालकिणीलाही सोबत घ्यायचं, उतार बघायचा, माती बघायची, इथे बांध की इथे झाडं हे त्यांच्याशी बोलून ठरवायचं. असे शेकडो गट जोडून वरचा आकडा निघायचा. माथा ते पायथा आपण कामाबद्दल म्हणतो, इथे हिशेबही तसाच होता.

शिवाय गावाचा वाटा. अकुशल मजुरीच्या साधारण १६ टक्के रक्कम श्रमदानातून. जर्मन करदात्याचा पैसा फुकट नाही, हा त्यातला एक अर्थ. दुसरा अर्थ गावाच्या बाजूनं होता : बांध आपल्या घामाचा असला की फुटल्यावर दुरुस्तीला आपणच जातो. या एका रकान्यानं गावाला लाभार्थीच्या जागेवरून उठवून भागीदाराच्या जागेवर बसवलं, असं मी म्हणेन.

तरी त्यातही एक भोक होतं. बांध ज्याच्या शेतात, पाणी त्याच्या विहिरीला. ज्याला शेतच नाही त्यानं श्रमदान का करायचं? म्हणून भूमिहीनांना सूट द्यायचं धोरण ठेवलं होतं. पण चराईबंदीची झळ? ती पहिली बसते शेळ्या-मेंढ्या राखणाऱ्याला. दोन शेळ्या विकाव्या लागलेल्या बाईचं नुकसान कुठल्याही तक्त्यात 'स्थानिक वाटा' म्हणून धरलं जात नाही. खरं तर सगळ्यात मोठा वाटा तिचाच असतो.

आता दुसरा धागा, दिल्लीचा. परदेशी देणग्यांवरचा पहिला कायदा, एफसीआरए, १९७६ चा, म्हणजे आणीबाणीतला. १९८४ मध्ये दुरुस्ती होऊन संस्थांना नोंदणी सक्तीची झाली. २०१० च्या नव्या कायद्यानं प्रशासकीय खर्चाला ५० टक्क्यांची मर्यादा घातली. सप्टेंबर २०२० मध्ये ती थेट २० टक्क्यांवर आणली. त्याच दुरुस्तीत एका संस्थेनं परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेला देण्यावर बंदी आली, आणि परदेशी देणगी आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतच घेणं बंधनकारक झालं.

वीस टक्के ऐकायला रास्त वाटतं. ऐंशी टक्के गरिबांवर खर्च होणार, कोण नाही म्हणेल? पण प्रशासकीय खर्च म्हणजे काय, ते नियमात वाचा. डॉक्टरचा, शिक्षकाचा पगार त्यातून वगळला आहे, ते ठीक. पण कार्यालयाचं भाडं, वीजबिल, गाडीचा खर्च, निधीचा हिशेब ठेवण्याचा खर्च, आणि हो, अहवाल लिहिण्याचा आणि सादर करण्याचा खर्चसुद्धा प्रशासकीय. इकडे फंडरची मागणी काय? दर तिमाहीला अहवाल, प्रत्येक ओळीचा दर गुणिले संख्या गुणिले महिने, फरक पडला तर खुलासा, वर लेखापरीक्षण. एक जण म्हणतो कागद वाढवा, दुसरा म्हणतो कागदावरचा खर्च कमी करा. मधे चेंगरतो तो संस्थेचा हिशेबनीस.

दुसऱ्याला पैसा देण्यावरची बंदी तर छोट्या गावांना जास्त लागली. आधी पुण्या-मुंबईतली मोठी संस्था इंग्रजी प्रस्ताव, लॉगफ्रेम, युरोतलं बजेट सगळं निस्तरायची आणि काम तालुक्यातल्या छोट्या संस्थेला द्यायची. त्यात मोठ्यांची मिजास होती, कमिशनचे आरोपही व्हायचे, मी स्वतः अशा बातम्या दिल्यात. पण ज्याला शिवार कळतं आणि इंग्रजी येत नाही, त्याच्यापर्यंत पैसा पोचायची ती एक वाट होती. ती बंद करताना दुसरी काढून दिली नाही.

आमच्या भागातली एक संस्था माझ्या माहितीची आहे, नाव देत नाही. हिशेब आणि अहवाल बघणाऱ्या बाई तिथे अकरा वर्षं होत्या. त्यांना परवडेना म्हणून कमी केलं. आता बजेट शहरातला सल्लागार बनवून देतो, तोही कधी शिवारात न जाता. गेल्या प्रस्तावात त्यानं मजुरीचा दर शेजारच्या जिल्ह्याचा टाकला. तो मंजूर झाला, आणि आता त्या दरात इथे माणूस मिळत नाही. सल्लागाराची फी कुठल्या रकान्यात गेली? प्रशासकीय. बाईंचा पगार होता त्याच जागी, रक्कम थोडी जास्त.